सुरईला हात लावू नकोस

थोरल्या जाऊबाईंनी सुरई टेबलावर ठेवतानाच बजावलं होतं, "आहे तशी राहू दे. हात लावू नकोस." आता हात लावू नकोस म्हटलं की हात शिवशिवतात, हा दोष माणसाचा नसून हातांचा आहे. तरी धाकटीने पुष्कळ दम धरला. थोरलीकडचं रंगकाम चालू असेपर्यंत ती सुरईच्या बाजूने जाताना हात पाठीमागे बांधून जात होती, वस्तुसंग्रहालयात आलेल्या शाळकरी मुलीसारखी.

तिला सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, चष्म्याचा नंबर नवऱ्याच्या पुढे गेला. पण ती ह्या घरात धाकटी सून म्हणून आली होती आणि ह्या घरात सुनांना बढती द्यायची पद्धत नव्हती. धाकटी म्हणजे धांदरट हेही तेव्हाच ठरून गेलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून काचेची एक बरणी फुटली होती. ती बरणी कशी होती, केवढी होती, तिच्यात काय होतं हे आता कुणालाही आठवत नव्हतं. फुटली, एवढं मात्र साऱ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं.

म्हणून थोरलीने सुरई तिच्या घरी ठेवायला आणली ही साधी गोष्ट नव्हती. थोरलीच्या घरात रंगारी शिरले होते आणि रंगाऱ्यांच्या राज्यात चांदी उघड्यावर कशी ठेवणार? आधी ती बँकेत गेली, पण लॉकरमध्ये सुरईची मान मावेना. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली, शेवटी बँकेतली बाई म्हणाली, मान काढून ठेवायची असेल तर आमची हरकत नाही. मग सुरई धाकटीकडे आली. धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. तरी "तुझ्याकडे ठेवते गं" हे थोरलीचं वाक्य तिने मनात इतक्यांदा घोळवलं होतं की त्यातलं लॉकर केव्हाच गळून पडलं होतं.

सुरई होतीही तशीच. बगळ्यासारखी लांब मान, पोटावर वेलबुट्टी, झाकणावर एक इवलासा पक्षी. थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी ती तिच्या हाती ठेवली. धाकटी आली तेव्हा तिला पितळी डबे मिळाले, त्यांतल्या काहींना झाकणं नव्हती. त्याबद्दल धाकटीच्या मनात काही नव्हतं. फक्त ते डबे पुसताना दरवेळी तिला झाकणांची आठवण यायची, एवढंच. सुरई मात्र चांदीची असूनही इतकी काळी पडली होती की अनोळखी माणसाने बिडाची समजावी. कुणी काही बोललं की थोरली म्हणायची, "जुन्या चांदीला काळेपणाच शोभतो. सारखं चकचकीत करत बसतात ते नवश्रीमंत."

तर सुरुवात झाली ती दाराच्या पाटीपासून. दारावर नवऱ्याच्या नावाची पितळी पाटी होती आणि ती इतकी मळली होती की नवीन पोस्टमन रोज शेजारच्या घरात पत्रं टाकत होता. वरच्या मजल्यावरच्या ताई जिना उतरताना थांबल्या. ह्या ताईंकडे प्रत्येक रोगावर एक घरगुती उपाय असे आणि तो फसला की दुसरा असे; फसलेल्याचं नाव मात्र पुन्हा काढायचं नाही.

"पॉलिश कशाला आणताय? व्हिनेगर, मीठ, चार लिंबं," ताई म्हणाल्या. "नुसतं बुडवून ठेवा. हात म्हणून लावायचा नाही."

धाकटीने बुडवलं. गच्चीवर गवंडी विसरून गेला होता ते लोखंडी घमेलं तिने घासून आणलं आणि त्यात मिश्रण केलं. पाटी पहिली गेली. बाहेर आली तेव्हा सोन्यासारखी लखलखत होती, फक्त अक्षरांतला काळा रंग मिश्रणाने खाल्ला होता. आडनाव साफ गेलं, नावाची एक वेलांटी उरली आणि सुरुवातीचं 'श्री.' तेवढं ठणठणीत राहिलं.

नवरा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होता आणि त्या दिवशी रजेवर होता. त्याने पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"म्हणजे आता इथे कोण राहतं म्हणायचं?"

"श्री. राहतात," धाकटी म्हणाली. "चमक बघा की जरा."

पाटीमागून कड्या गेल्या, कड्यांमागून पितळी डबे, डब्यांमागून माळ्यावरचा तांब्याचा घडा. प्रत्येक वस्तू आत जाताना मातीच्या रंगाची आणि बाहेर येताना उगवत्या सूर्यासारखी. धाकटीला अशी चटक लागली की ती घरभर धातू शोधत फिरू लागली. नवऱ्याने घाबरून चष्मा खिशात घातला. शेवटी धातू संपले, पण मिश्रण उरलं. त्याचा रंग आता हिरवट निळा झाला होता.

आता हे फेकून द्यायला हवं होतं. पण ज्या घरात टूथपेस्टची नळी कात्रीने चिरून तिच्या पोटातली पेस्ट काढली जाते, त्या घरात घमेलंभर मिश्रण असंच ओतून द्यायचं? चार लिंबं गेली होती त्यात. धाकटीने घमेल्याकडे पाहिलं. मग सुरईकडे पाहिलं. थोरली परत न्यायला येईल, टेबलावर सुरई चांदण्यासारखी उभी असेल, थोरली म्हणेल, अगं बाई, ही माझीच का? हे सगळं तिला स्वच्छ दिसलं. आणि हात लावू नकोस म्हटलं होतं, बुडवू नकोस असं कुठे म्हटलं होतं? तिने टॉवेलने धरून सुरई उचलली, म्हणजे खरोखरच हात लावला नाही, आणि घमेल्यात आडवी ठेवली. थोड्या थोड्या वेळाने ती तिला लाकडी उलथन्याने कूस बदलायला लावत होती.

काळेपणा जाऊ लागला. धाकटीला इतका आनंद झाला की ती चहा टाकून आली. परत येऊन पाहते तर सुरई गुलाबी.

आधी तिला वाटलं खिडकीतून ऊन पडलंय. तिने पडदा ओढला. सुरई सावलीतही गुलाबी होती. तिने सुरई बाहेर काढून नळाखाली धरली, फडक्याने पुसली, उजेडात धरली. नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या घड्याशेजारी ठेवली तर घड्याचीच धाकटी बहीण वाटावी.

धाकटीने घडा लांब सरकवला. नेमका तेव्हाच फोन वाजला.

"धाकटे," थोरली म्हणाली, "रंगारी गेले एकदाचे. आज दुपारी चहाला येते तुझ्याकडे, सुरई घेऊन जाईन. कशी आहे?"

"बरी आहे," धाकटी म्हणाली, जणू सुरई तापातून उठली होती.

"हात नाही ना लावलास?"

"नाही हो वहिनी."

हे अक्षरशः खरं होतं आणि त्याने काडीचंही बरं वाटलं नाही. फोन ठेवून ती पाटावर बसली. दुपारपर्यंत सुरई पांढरी करायची, नाहीतर उरलेलं आयुष्य बरणीच्या जोडीला सुरई ऐकायची. बरणी निदान तिच्या सासरची होती. ही थोरलीची होती, आणि थोरलीने आपल्या हाताने आणून दिली होती.

वरच्या ताईंना बोलावलं. ताईंनी सुरई पाहिली आणि त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

"चांदी टाकलीत होय त्यात? चांदीला सॉस लागतो. टोमॅटोचा."

"पण तुम्हीच म्हणालात..."

"मी पाटीचं म्हटलं होतं."

टोमॅटो सॉस फासला. सुरई लाल झाली. धुतल्यावर पुन्हा गुलाबी झाली, फक्त आता तिला सॉसचा वास येत होता. मग ताईंनी राख सुचवली, पण घरात गॅस. मग कोल्ड्रिंक सुचवलं. ते नवऱ्याने आणलं, आणि सुरईवर ओतायच्या आत ताईंनी थोडं ग्लासात ओतून घेतलं, जिने उतरून घसा सुकला होता म्हणून. सुरईवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. ताई मात्र टवटवीत झाल्या आणि "तुम्ही सराफाकडेच न्या बाई, तो एका मिनिटात करून देईल" असं सांगून वर गेल्या.

सराफाचं दुकान कोपऱ्यावर. पण कोपऱ्यावर जायचं तर फाटकातून जायला हवं, आणि फाटकावर नियम होता. मागे गच्चीवरचे पितळी नळ चोरीला गेले तेव्हापासून इमारतीतून कुठलाही धातू बाहेर न्यायचा असेल तर सेक्रेटरींची चिठ्ठी लागत असे. नळ ज्याने नेले त्याने चिठ्ठी घेतली नव्हती, हा मुद्दा सभेत कुणी मांडला नाही.

सेक्रेटरी पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवत. अजूनही ते कुणाशीही बोलताना समोर फळा असल्यासारखे जरा तिरके उभे राहत. धाकटीने पिशवीचं तोंड जेमतेम उघडून दाखवलं.

"धातू कोणता?"

"चांदी."

"चांदीला समितीच्या दोघांच्या सह्या. मौल्यवान धातू. एक सभासद गावाला, दुसऱ्यांची दाढ काढलीय, ते सही करतील पण बोलणार नाहीत, आणि शंकानिरसन केल्याशिवाय मी सही घेत नाही."

"अहो, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. पाहुण्यांची वस्तू आहे."

"चिठ्ठीत पाहुण्यांचा रकाना नाही, वहिनी." त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "ही चांदी?"

मग धाकटीला सगळं सांगावं लागलं. मिश्रण, काळेपणा, गुलाबी रंग. सेक्रेटरी डोळे मिटून ऐकत होते. परीक्षेत चुकीचं उत्तर ऐकताना ते असेच डोळे मिटत असावेत.

"चांदीचं तांबं होतं का, वहिनी? एका मूलद्रव्याचं दुसरं होतं का?"

"मला काय माहीत, मी बुडवलं आणि झालं."

"होत नाही. शास्त्रात बसत नाही. म्हणजे काय झालं?" ते थांबले. धाकटी बाकावर उभी राहायच्या बेतात आली. "म्हणजे आधीपासून तांबंच होतं. वर चांदीचा मुलामा. तुमच्या आम्लाने मुलामा खाल्ला." आणि त्यांनी लगेच खिशातून पेन काढलं. "तांब्याला मात्र माझी एकट्याची सही चालते."

धाकटी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती: तांब्याची सुरई, एक. बाहेर पडायला मिळालं ह्याचा आनंद तिला झालाच नाही. ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत चालली होती.

सराफ एका गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवत होता. त्याने सुरईकडे दुरूनच पाहिलं.

"तांबं आम्ही घेत नाही, मावशी."

"विकायची नाहीये. आणि चांदीची आहे."

"कोण म्हणतं?"

सासूबाई म्हणायच्या, असं धाकटी म्हणणार होती, पण सासूबाईंना साक्षीला बोलावणं शक्य नव्हतं. तिने पुन्हा सारी हकीगत सांगितली. सराफाने सुरई हातात घेतली, बोटाने टिचकी मारली, बुडाकडे पाहिलं, काउंटरवर ठेवली.

"मुलामा. गेला. जुनी मंडळी अशा करून घ्यायची, दिसायला बरं म्हणून. पुन्हा चढवून देऊ का? आठवडा लागेल."

"जरा खरवडून तरी बघा ना."

"आणि ओरखडा पडला तर तुम्हीच उद्या भांडायला याल. माझ्या नजरेला खरवडावं लागत नाही, मावशी." असं म्हणून तो बांगड्यांकडे वळला.

परतीची वाट तीच होती, पण धाकटी तिच्यावरून दोनदा वेगवेगळी चालली. अर्ध्या वाटेपर्यंत तिच्या पायांना पंख होते. तिने काहीच बिघडवलं नव्हतं. इतक्या वर्षांत प्रथमच एखादी वस्तू तिच्या हातून बिघडली नव्हती, आधीपासूनच तशी होती, आणि ह्याला एक रसायनशास्त्राचे शिक्षक आणि एक सराफ साक्षीदार होते. चिठ्ठी होती. वहिनी, सुरई तांब्याचीच होती हो, एवढं एक वाक्य बोललं की झालं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, जिथे बिनझाकणाचे डबे ठेवलेले असतात, तिथे कुणीतरी हळूच हसलंसुद्धा.

मग औषधाच्या दुकानापाशी तिला थोरलीचा चेहरा दिसला. म्हणजे थोरली तिथे नव्हती, चेहरा नुसताच दिसला. दोन्ही घरांच्या प्रत्येक समारंभात ती सुरई मधल्या टेबलावर असे आणि थोरली तिच्या शेजारी. थोरली काही फार सुखात दिवस काढलेली बाई नव्हती. नवरा अबोल, मुलगा परदेशात. बोलायला, दाखवायला तिच्याकडे होतं काय? सासूबाईंनी मला दिली, एवढंच. ते वाक्य तांब्याचं निघालं असं तिला कोण सांगणार? धाकटी सांगणार?

धाकटीची चाल मंदावली. घर येईपर्यंत पंख गेले आणि गुडघे परत आले.

"काय म्हणाला सराफ?" नवऱ्याने विचारलं.

तिने सांगितलं. नवरा खुर्चीतून उठलाच.

"माझी आई खोटी वस्तू चांदीची म्हणून देईल? सुनेला?"

"मी कुठे म्हणते?"

"तू म्हणत नाहीयेस, पण म्हणतेच आहेस. आई एकवेळ झाकण नसलेला डबा देईल..."

"दिलेच आहेत."

"...पण तांबं चांदी म्हणून देणार नाही. त्या मास्तरला काय कळतं? वर्गात त्याच्या हातून कधी एक प्रयोग नीट झाला नाही, माझा चुलतभाऊ होता त्याच्या वर्गात."

"हे बघा," धाकटी म्हणाली, "वहिनींपुढे ह्यातलं अक्षर काढायचं नाही. मी बिघडवली म्हणून सांगणार आहे. चुकीच्या मिश्रणात घातली, रंग गेला, संपलं."

"आणि ती आयुष्यभर तुला ऐकवेल."

"बरणी ऐकतेच आहे. एकीला सोबत होईल."

मग हेडक्लार्क माणसं करतात तेच नवऱ्याने केलं. सुरई उचलली, सकाळी चिरलेल्या नळीतली टूथपेस्ट आणि स्वतःचा जुना दाढीचा ब्रश घेतला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. आईच्या अब्रूचं प्रकरण तो स्वतःच्या अखत्यारीत निकालात काढणार होता. पाण्याचा आणि खसखसण्याचा आवाज येऊ लागला.

"अहो, आणखी खराब करू नका," धाकटी दाराशी म्हणाली.

आतून खसखस वाढली. बाहेरून मात्र रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

थोरली आली ती दारातच अडखळली. "हे काय, नुसतं श्री.?"

"पाटी धुतली," धाकटी म्हणाली.

"अस्सं." थोरली आत येऊन बसली, पदराने वारा घेतला, घरभर नजर फिरवली. डबे चमकत होते, कड्या चमकत होत्या, घडा तर डोळे दिपवत होता. टेबलावरची सुरईची जागा रिकामी होती. थोरलीची नजर तिथे पोहोचली आणि थांबली.

"सुरई कुठाय?"

धाकटीने चहाचं आधण ठेवलं होतं ते उकळत होतं, पण आता स्वयंपाकघरात जाऊन येणं म्हणजे पळून जाणं झालं असतं. ती थोरलीसमोर स्टुलावर बसली.

"वहिनी, माझ्या हातून बिघडली. तुम्ही नको म्हणाला होतात. लिंबाच्या मिश्रणात घातली मी, तुमच्या हाती चकचकीत द्यावी म्हणून. रंग गेला तिचा. माझीच चूक आहे."

धाकटी वाट पाहत होती, बरणी येईल, धांदरटपणा येईल, मी सांगितलं होतं येईल. काहीच आलं नाही. न्हाणीघरातून खसखस तेवढी येत होती.

"रंग गेला म्हणजे?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज चमत्कारिक बारीक झाला होता. "आतून काय निघालं?"

"आतून कशाला काय निघेल?"

"तांबं ना?"

"नाही हो."

"धाकटे, तुला खोटं बोलता येत नाही. तुझं नाक हलतं."

धाकटीने नाकावर हात ठेवला. थोरली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे माहीत नव्हतं, पण वाटत होतं. माझ्या हातात ठेवताना सासूबाई म्हणाल्या, फार घासू नकोस हो, झिजेल. आता चांदी अशी झिजते का घासून? मी तेव्हाच मनात म्हटलं, ही आतून वेगळी आहे. एकदा विचारायला गेले होते त्यांना. तोंडापर्यंत आलं आणि चहात साखर किती घालू असं विचारून परत आले. मग घासलीच नाही कधी. लोक म्हणायचे, काळी पडली, काळी पडली. पडू दे. पांढरी करायला गेले आणि खालून तांबं हसलं तर मी कुणाला काय सांगू? तुला सांगितलं हात लावू नकोस, ते काय तू फोडशील म्हणून?"

"मला तसंच वाटलं."

"तुला सगळं तसंच वाटतं." थोरलीने डोळे टिपले आणि ते धाकटीने पाहू नये म्हणून चष्मा पुसायला घेतला. "तुला डबे मिळाले ते खरे पितळी तरी आहेत. मला तर तुझा हेवाच वाटायचा."

बिनझाकणाच्या डब्यांचा कुणी हेवा करू शकतं हे धाकटीला नवीनच होतं. तिने काही बोलायच्या आत न्हाणीघराची कडी वाजली.

नवरा बाहेर आला तो कोपरापर्यंत भिजलेला, शर्टावर फेस, सुरई तान्ह्या मुलासारखी टॉवेलात धरलेली. त्याने थोरलीला नमस्कारबिमस्कार काही केला नाही.

"वहिनी, ही बघा."

सुरईच्या गुलाबी पोटावर वेलबुट्टीच्या मधोमध तळहाताएवढा डाग होता. शुभ्र पांढरा.

"आता काय नवीन केलंत?" धाकटीच्या तोंडून निघालं.

"घासलं. नुसतं घासलं." त्याला धाप लागली होती. "तू मला एवढंच सांग, मुलामा घासून जातो की घासून येतो?"

थोरलीने पुसत असलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"जातो," धाकटी म्हणाली.

"मग ही पांढरी कशी होतेय? मी जसं घासतोय तसं तांबं जातंय आणि चांदी वर येतेय. म्हणजे तांबं खाली नाही, वर आहे. पातळसं. पुटासारखं." त्याने घमेल्याकडे बोट दाखवलं. "सकाळपासून तू त्यात काय काय उकरून घातलंस? पाटी, कड्या, डबे, घडा. त्यांचं उतरलेलं सगळं त्या हिरव्या पाण्यात होतं. लोखंडाच्या संगतीत ते बसलं हिच्या अंगावर. आईने चांदीच दिलेली आहे, वहिनी. हे तांबं आमच्या घड्याचं आहे."

इतकं लांब भाषण त्याने खात्यातही कधी केलं नव्हतं. तो थकून खुर्चीत बसला.

थोरलीने सुरई मांडीवर घेतली. पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला. मग टूथपेस्टची चिरलेली नळी मागून घेतली, पदर खोचला आणि स्वतः घासायला बसली. आधी हळू, मग जोरात, मग ओठ घट्ट मिटून. धाकटी शेजारी बसून पाणी घालत होती. पोट पांढरं झालं, वेलबुट्टीतलं एकेक पान उघडलं, बूड पांढरं झालं. मध्येच थोरलीचा हात थांबला.

"म्हातारीला मी इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि नळी आणखी पिळली. पुन्हा घासू लागली. काही वेळाने म्हणाली, "झिजेल म्हणाली, ते झिजेल म्हणूनच म्हणाली असेल गं."

"तसंच म्हणाल्या असतील," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात चहाचं आधण आटून गेलं होतं. नवऱ्याने जाऊन नवं ठेवलं, ज्यात साखर पडली की नाही हे त्याला नंतर आठवेना. बाहेरची उन्हं उतरली. आता नुसती मान उरली होती, बगळ्यासारखी, लांब, गुलाबी. खालून शुभ्र आणि वर गुलाबी अशी ती सुरई फार विचित्र दिसत होती, लाजल्यासारखी.

धाकटीने ब्रश घेतला. "द्या इकडे. मान मी करते, तुमचे हात दुखले असतील."

थोरलीने सुरई मागे ओढली.

"राहू दे मान."

"अहो, अशी अर्धवट कशी नेणार? लोक विचारतील."

"विचारू देत. सांगीन, आमच्या धाकटीने घासली." मग तिने सुरईच्या गळ्याभोवती हात ठेवला. "तुझ्या घरचं तांबं आहे ते. घासून टाकायला मी काय परकी आहे?"

सुरई गुंडाळायला कोरडा टॉवेल हवा म्हणून धाकटी आतल्या खोलीत गेली. टॉवेल समोरच होता. तो हातात घेऊन ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली, आणि जरा जास्तच वेळ उभी राहिली असावी, कारण बाहेरून थोरलीचा आवाज आला, "धाकटे, टॉवेल आणत्येस की विणत्येस?"